पान दोनशे अठ्ठ्याऐंशीच्या पुढे

३ जानेवारी

प्रिय मामा,

पोचले. सुखरूप, वेळेवर आणि भयंकर चिडलेली. फोन केला असता, पण फोनवर तुला ऐकू येत नाही आणि ते तू कबूल करत नाहीस, म्हणून पत्र. मामीला सांग, डोळ्यांत थेंब घालून घेताना छताकडे बघायचं, तुझ्याकडे नाही. तुला बघितलं की तिला हसू येतं, आणि ऑपरेशन झालेल्या डोळ्याला ते चालत नाही.

आता चिडण्याचं कारण. तुझ्या ग्रंथालयातून, तुझ्याच कार्डावर घेतलेला ‘मोजणीबाई’चा सातवा भाग मी गाडीत वाचायला काढला. आधीचे सहा तुझ्या घरी आठवड्यात फस्त केले होते, ते तू पाहिलंसच. दुर्बीण आणि साखळी घेऊन डोंगर मोजत फिरणारी ती बाई, आणि प्रत्येक बाबतीत तिच्याशी वाद घालणारा तिचा खेचरवाला. सातव्या भागात तो तिला मुद्दाम चुकीच्या वाटेने नेतो, कारण वाटेत त्याचं गाव लागतं. तिला ते कळतं. ती त्याच्याशी बोलायचं बंद करते. मग नदी, मग दोराचा पूल. तो खेचर घेऊन पलीकडे जातो आणि पूल तुटतो. आणि पान दोनशे अठ्ठ्याऐंशीवर शेवटची ओळ काय आहे? ‘मोजणीबाईने दोर हातात घेतला, पलीकडे पाहिलं आणि’.

आणि. पुढे सोळा पानं कोरी. स्वच्छ, नवी, पांढरी पानं. समोरच्या बाकावरच्या आजी मला विचारायला लागल्या, काय झालं गं, घरून काही निरोप आला का.

काय होतं पुढे? उलट टपाली कळव.

तुझी,
खार

९ जानेवारी

खारुताई,

आशीर्वाद. चूक माझीच आहे. पुस्तक देताना सांगायचं राहून गेलं.

एका मोठ्या कागदाला घड्या घातल्या की सोळा पानं होतात, त्याला आम्ही फर्मा म्हणतो. असे फर्मे एकामागे एक शिवले की पुस्तक. या पुस्तकाचा शेवटचा फर्मा कधीतरी गळून पडला. अशा वेळी मी तेवढ्याच जाडीचा कोरा फर्मा शिवून ठेवतो. एक तर पुस्तकाची पाठ पोकळ राहत नाही, आणि दुसरीकडे कुठे प्रत सापडलीच तर कोरा काढून खरा घालता येतो. सातव्यानंतर लेखकाने काही लिहिलं नाही आणि ते पुस्तक पुन्हा छापलं गेलं नाही. चार ग्रंथालयांना पत्रं गेली आहेत. सहा वर्षं झाली.

शेवट मी वाचला होता, पण त्याला तीस वर्षं झाली. कुणीतरी कुठूनतरी परत येतं एवढं आठवतं. मामी म्हणते, ते दुसऱ्याच पुस्तकात.

पुस्तक मुदतीत पाठव. आमच्या ग्रंथपालबाई उशीर झाला की छापील कार्ड पाठवतात, आणि कर्मचाऱ्यांना आधी पाठवतात. बारा वर्षांत त्या माझ्या कामाला दोनदा ‘ठीक’ म्हणाल्या आहेत. मे अखेर मी निवृत्त होतोय. तिसऱ्या ‘ठीक’ची आशा आहे, तेवढी घालवू नकोस.

तुझा मामा

१९ जानेवारी

प्रिय मामा,

पुस्तक कालच पार्सलने ग्रंथालयाच्या पत्त्यावर पाठवलंय. ते उघडशील तेव्हा खुर्चीत बस आणि आधी हे पत्र पूर्ण वाच.

झालं असं. आमच्या लॅबमध्ये दातांच्या साच्यात प्लास्टर ओतलं की ते घट्ट व्हायला वेळ लागतो. तेवढ्यात बाकीचे चहाला जातात. मी पुस्तक घेऊन बसले होते. त्या ‘आणि’कडे बघून बघून माझं डोकं उठलं होतं. हातात पेन्सिल होती, कारण साच्यावर खुणा करायला ती कानावर असतेच. मी ते वाक्य पूर्ण केलं. फक्त ते एक वाक्य, देवाशपथ.

मग दुसरं सुचलं. पहिलं एकटं बरं दिसेना.

प्लास्टर घट्ट होऊन थंड पडलं तरी मी लिहीतच होते. दुसऱ्या दिवशी डबा न उघडता लिहिलं. शाळेतल्या निबंधानंतर मी काही लिहिलेलं नाही हे तुला माहीत आहे. पण मामा, मला त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. खेचरवाला पलीकडून काय ओरडेल हे मला ठरवावं लागलं नाही, तो ओरडला आणि मी उतरवून घेतलं. दिवसभर मी दुसऱ्यांच्या तोंडात चपखल बसतील असे दात घडवते. शेजारच्या दातासारखा रंग, तशीच झीज, कुणाला कळता कामा नये की हा नंतर बसवलाय. इथेही तसंच करत होते. तशीच छोटी वाक्यं, तसाच मोजणीबाईंचा तिरकसपणा.

सोळांपैकी अकरा पानं भरली. म्हणजे दोनशे नव्याण्णवपर्यंत. पेन्सिल हलकी आहे, सहज खोडता येईल. तू वाच आणि मग खोड. पण आधी वाच.

खार

२ फेब्रुवारी

खारुताई,

तुझं पत्र पार्सलनंतर चार दिवसांनी आलं. पार्सल काउंटरवर उघडलं, पुस्तक जमा झालं, फळीवर गेलं. पत्र वाचून मी धावत फळीशी गेलो. माझ्या वयाचा माणूस ग्रंथालयात धावताना पाहून वाचन कक्षात दोघांनी माना वर केल्या. जागा रिकामी. पुस्तक कुणीतरी घरी नेलंय.

तुला कल्पना आहे का तू काय केलंस? प्रत्येक टेबलावर ग्रंथपालबाईंनी लावलेली पाटी आहे, ‘पुस्तकात लिहिणाऱ्याचं सभासदत्व रद्द’. आणि पुस्तक माझ्या कार्डावर होतं. चौतीस वर्षं मी लोकांच्या रेघोट्या खोडत आलो. जाताना माझ्याच भाचीने अकरा पानं लिहून ठेवली म्हणजे माझ्या निरोपसमारंभात काय भाषण होईल?

नोंद पाहिली. कुणी नेलंय ते कळलं. नाव विचारू नकोस, वाचकाचं नाव आम्ही ग्रंथालयाबाहेर नेत नाही. आलं की खोडतो.

मामा

८ फेब्रुवारी

प्रिय मामा,

मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाईंना पत्र लिहून सगळा दोष माझ्यावर घेऊ का? तू सांगशील ते करते. सभासदत्व रद्द करायचं तर माझं करा म्हणावं, मी सभासद नाहीच.

पण एक विचारू? रागावू नकोस. कालपासून माझा हात कामावर ठरत नाहीये. कुणीतरी, ज्याला मी माहीत नाही, ज्याने मला कधी मांडीवर खेळवलं नाही, तो माणूस या घटकेला कुठेतरी खुर्चीत बसून माझा खेचरवाला वाचतोय. किंवा वाचून वैतागलाय. किंवा दोनशे नव्वदवरच पुस्तक मिटलंय. मला हे कळल्याशिवाय चैन पडणार नाही. काल मी एका कवळीच्या डब्यावर रोग्याच्या नावाच्या जागी ‘खेचरवाला’ लिहिलं. आमच्या सरांनी विचारलं, हे गृहस्थ कोण, वरची कवळी की खालची.

खोडायच्या आधी एवढंच बघ, की ते शेवटपर्यंत पोचलेत की नाही. पान दुमडलेलं असेल, चहाचा डाग असेल, काहीही.

खार

२४ फेब्रुवारी

खारुताई,

पुस्तक आलं. दार लावून घेतलं, खोडरबर काढला आणि पान दोनशे एकोणनव्वद उघडलं.

डाग नाही. दुमड नाही. त्याहून वाईट आहे. वाचकाने लिहिलंय.

जांभळ्या पेन्सिलीने, समासात, बारीक अक्षरात. पान दोनशे ब्याण्णव, जिथे तुझं खेचर दोर तोंडात धरून नदी पोहतं, तिथे: ‘हे खेचर पाण्याला भितं. भाग तीन, पान ११२ पाहा.’ मी पाहिलं. भितं. पान दोनशे अठ्ठ्याण्णव, जिथे मोजणीबाई त्याला माफ करतात: ‘इतक्या लवकर? या बाई नव्हेत.’ दोनशे पंच्याण्णववर, खेचरवाल्याच्या त्या ओरडण्याशेजारी, नुसती एक उभी रेघ. आणि तुझं लिखाण जिथे संपतं त्याच्या खाली एकच शब्द, ‘पुढे?’

खोडरबर मी परत डब्यात ठेवला. खरं सांगायचं तर ‘पुढे?’ वाचायच्या आधी माझ्याही मनात तेच आलं होतं.

मग मी जे केलं ते चौतीस वर्षांत केलं नव्हतं. शेवटची शिलाई सोडवली आणि तो फर्माच या पाकिटात घातलाय. पंधरा दिवसांत दुरुस्त करून परत पाठव. तोवर पुस्तक ‘दुरुस्तीत’ आहे. तशी चिठ्ठी ग्रंथपालबाईंकडे नेली. काय दुरुस्ती, असं विचारतील म्हणून तीन उत्तरं तयार ठेवली होती. त्यांनी न विचारता सही केली.

मामा

१ मार्च

मामा, मामा, मामा,

‘पुढे?’

मी ते पान लॅबच्या खिडकीत उजेडाला धरून पाहिलं. शब्दाखाली पेन्सिल दाबल्याची खूण आहे. म्हणजे सहज नाही लिहिलेलं, जोर देऊन विचारलंय.

आणि खेचर पाण्याला भितं हे मी कशी विसरले? तीनमध्ये ते साध्या ओढ्याशी अडून बसतं आणि बाई त्याला नकाशा उघडून दाखवतात, बघ, वीतभर तर आहे. हा वाचक कोण असेल तो असो, त्याला ही माणसं माझ्यापेक्षा जास्त माहीत आहेत. मला वाईट वाटायला हवं होतं. पण कुणीतरी रस्त्यात अडवून आपल्याच घरच्यांबद्दल बोलायला लागावं, तसा आनंद झाला.

सगळं खोडलं आणि पुन्हा लिहिलं. आता खेचर नदीत उतरतच नाही. मग खेचरवाला काय करतो? काठाने चालायला लागतो, खाली, जिथे पात्र उथळ आहे तिकडे. तीन दिवसांची वाट. आणि अलीकडच्या काठाने बाईही चालायला लागतात. नदीच्या आवाजात एकमेकांचं काही ऐकू येत नाही, तरी दोघं दिवसभर भांडतात. संध्याकाळी तो तिकडे शेकोटी पेटवतो, त्या इकडे. माफी तिसऱ्या दिवशी, आणि तीही पूर्ण नाही.

हे सुचलं तेव्हा मी उभी राहिले आणि माझं स्टूल पडलं.

फर्मा सोबत आहे. सोळाही पानं भरली. शिव आणि लगेच फळीवर ठेव. मला त्या माणसाने परत न्यायला हवंय.

खार

१६ मार्च

खारुताई,

शिवलं, ठेवलं. दुसऱ्या दिवशी गेलं. त्याच वाचकाकडे. आज परत आलं.

दोनशे त्र्याण्णव, शेकोटीपाशी: ‘हे मूळ लेखकाला सुचलं नसतं.’ तीनशे एकवर: ‘ओली लाकडं पेटत नाहीत. कोरडी कुठून आली ते सांगा.’ तीनशे तीनवर, माफीपाशी: ‘अजून एक दिवस लवकर.’ आणि तीनशे चारवर, अगदी तळाला, जागा उरली नव्हती तरी दाटीवाटीने: ‘पुढे?’

मामीला नवा चष्मा मिळाला. तिने पहिली गोष्ट वाचली ती हीच, मी घरी आणून दाखवली. तिला खेचर आवडलं.

मामा

२१ मार्च

प्रिय मामा,

पत्र आल्यापासून दोन दिवस मी हवेत होते. आज खाली आले, कारण एक शंका आली.

जांभळी पेन्सिल तूच आहेस ना?

भाग तीन, पान एकशे बारा, हे तुझ्याशिवाय कुणाला पाठ असणार? पुस्तकं तूच शिवतोस. त्याच वाचकाकडे पुन्हा कसं गेलं? नाव का सांगत नाहीस? आणि ओली लाकडं पेटत नाहीत, हे वाक्य तर मी लहानपणापासून तुझ्याच तोंडून ऐकतेय.

मामा, मी सहा वर्षांची असताना मातीचा हत्ती केला होता. त्याला सोंड नव्हती. तू तो आजवर टेबलावर ठेवलायस आणि आल्यागेल्याला दाखवतोस. त्यासाठी मी तुझी जन्मभर ऋणी आहे. पण म्हणूनच तुझं ‘पुढे?’ मला चालणार नाही. तू तर सोंड नसलेल्या हत्तीलाही ‘पुढे?’ म्हणशील. हे पान वाचून ज्याचं माझ्याशी काही नातं नाही अशा एका माणसाला पुढचं हवं झालं, एवढ्यावर मी रोज लिहायला बसते. ते खोटं असेल तर मला आत्ताच सांग. मी लिहिणं थांबवीन. तुझ्यावर रागावणार नाही, पण थांबवीन.

खार

३ एप्रिल

खारुताई,

मी नाही. मामीची शपथ, आणि ती समोरच बसली आहे.

ओल्या लाकडांबद्दल जगात इतरांनाही माहिती असते. याहून जास्त मी सांगू शकत नाही. सांगितलं तर ज्याचं ते अक्षर आहे त्याला अडचण होईल. तुझा माझ्यावर विश्वास नसेल तर मी काय करू?

आणि एक बातमी आहे. सहा वर्षांनी एका ग्रंथालयाचं उत्तर आलं. त्यांच्याकडे सातवा भाग अख्खा आहे. हरवलेल्या सोळा पानांच्या स्वच्छ प्रती त्यांनी पाठवल्या. ग्रंथपालबाईंचा लेखी आदेश माझ्या टेबलावर आहे: कोरा फर्मा काढून खरा मजकूर आठवडाभरात शिवावा. आदेशात त्यांनी ‘कोरा’ असंच लिहिलंय.

तुझ्यासाठी एक प्रत सोबत घातली आहे. मी वाचली. तू बसून वाच.

मामा

८ एप्रिल

प्रिय मामा,

वाचलं. उभ्यानेच वाचलं.

‘मोजणीबाईने दोर हातात घेतला, पलीकडे पाहिलं आणि तो सोडून दिला.’ मग त्या वळतात, डोंगर उतरतात, नकाशा कचेरीत जमा करतात. कारकून विचारतो, सोबत कोण होतं. त्या म्हणतात, ‘एकटीच होते.’ संपलं.

मी भिंतीवर काहीतरी फेकून मारणार होते, पण हातात रोग्याचे दात होते. सात भाग, मामा. सात भाग तो माणूस त्यांच्याशी वाद घालत चालला, आणि ‘एकटीच होते’?

पण खोटं कशाला बोलू, शेवट वाईट नाहीये. तीन वेळा वाचला. ‘एकटीच होते’ म्हणताना त्या टेबलावरची शाईची दौत उगाचच सरळ करतात, बघितलंस का? ती सरळच असते. त्या एका दौतीत बरंच काही आहे, आणि लेखक ते तिथेच टाकून गेलाय. मी कालपासून त्या दौतीचाच विचार करतेय.

माझा फर्मा काढ. तुझं पुस्तक पूर्ण होऊ दे, तुझं ते शेवटचं काम ‘ठीक’ होऊ दे. मी रडतबिडत नाहीये. आणि जांभळी पेन्सिल तू नाहीस असं तू म्हणतोस, तर मी ते मानते. मानायचा प्रयत्न करते. एवढंच वाटतं, आता तो माणूस पुस्तक उघडेल आणि त्याला मी तिथे सापडणार नाही. त्याला सांगायची काही सोय नाही ना?

खार

१९ एप्रिल

खारुताई,

खरा फर्मा शिवला. पुस्तक आता तीनशे चार पानांचं आहे, जसं छापलं होतं तसं.

पुस्तकातून काही काढलं तर ते ग्रंथपालांना दाखवून रद्दीच्या वहीत नोंदवायचं, असा नियम आहे. म्हणून तुझा फर्मा घेऊन मी बाईंच्या खोलीत गेलो. म्हटलं, होऊ दे काय व्हायचं ते. टेबलावर ठेवला. त्यांनी पानं उलटली नाहीत. म्हणाल्या, ‘हे रद्दीत जाणार नाही. याला वेगळी बांधणी करा. पुढे चार कोरे फर्मे जोडा. चांगला कागद वापरा.’

मी विचारलं, नोंद काय करू? म्हणाल्या, ‘ते मी बघते.’ मी दाराशी पोचलो तेव्हा मागून आवाज आला, ‘सातव्याची शिलाई ठीक आहे.’

बांधलेली वही सोबत पाठवतोय. पुठ्ठा निळा, पाठ कापडी. तुझी सोळा पानं आणि पुढे चौसष्ट कोरी. तुला कार्यालयाकडून एक कार्डही येईल. घाबरू नकोस. अक्षर नीट बघ, आणि मग मला म्हण की तो मी होतो.

मामा

२१ एप्रिल

सार्वजनिक ग्रंथालय
मुदत संपल्याची सूचना

महोदय / महोदया,

आपल्याकडील खालील पुस्तक मुदत संपूनही जमा झालेले नाही.

पुस्तकाचे नाव: मोजणीबाई, भाग आठ
लेखक: आपण
जमा करण्याची तारीख: ३१ मे

शेरा (जांभळ्या पेन्सिलीने): बाई ‘एकटीच होते’ असं का म्हणाल्या, ते या भागात आलं पाहिजे. दौत विसरू नये. मुदतवाढ मिळणार नाही.

ग्रंथपाल